किनाऱ्यावर आणि धरणावर शरदातले पाहुणे पक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती विसर्जन झालं की विचारणा सुरू होते. यंदा पक्षी आले का, कुठे जायचं, किती वाजता पोहोचायचं? उत्तरं दरवर्षी बहुतेक तीच असतात, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. किनाऱ्यासाठी अलिबागजवळची अक्षी आणि तलावासाठी भिगवणकडची उजनी धरून लिहिलं आहे. बाकी कोकणात आणि देशावरच्या इतर धरणांवर थोड्याफार फरकाने हेच लागू पडतं. एक गोष्ट आधीच सांगतो: दोन्हीकडे तारखेपेक्षा पाणी महत्त्वाचं. किनाऱ्यावर भरती बघायची, धरणावर साठा बघायचा, मग सुट्टी टाकायची.

नेमकं कधी जायचं?

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही. बहुतेक मंडळी डिसेंबर-जानेवारीची वाट बघतात, कारण तेव्हा थंडी असते आणि रोहित (फ्लेमिंगो) असतात. त्यात वावगं काही नाही. पण तोवर सगळे येऊन स्थिरावलेले असतात. ये-जा चालू असताना पाहायची तर ती शरदातच.

क्रम साधारण असा. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, तेव्हा तुतवार, टिलवे आणि चिखले हे चिखल-वाळूत खाणारे छोटे पक्षी किनाऱ्यावर दाखल झालेले असतात. गणपतीच्या सुमारास घाटातल्या ओढ्यांवर करडा धोबी शेपटी हलवत फिरू लागतो, विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा लागतात, आणि माळावर भोरड्यांचे थवे उतरतात. बदकांत भुवई बदक सगळ्यांत आधी येतं, सप्टेंबरातच. दसऱ्याच्या आगेमागे पांढरा धोबी, कुरव (म्हणजे गल) आणि दलदली भोवत्या. त्यानंतर तलवार बदक, थापट्या. पट्टकादंब हवे असतील तर दिवाळी उलटू द्या.

ऑगस्टमध्येच कसे काय येतात? अजून तर थंडी पडलेली नसते.

इथली थंडी त्यांच्या हिशेबात नसते. उत्तरेकडचा उन्हाळा आखूड असतो. सायबेरियात किंवा तिबेटच्या पठारावर जूनमध्ये अंडी, जुलैत पिल्लं, की काम संपलं. चिखल्या-तुतवारांची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांत स्वतः धावून खाऊ लागतात, त्यामुळे आईबापांना फार काळ थांबावं लागत नाही. अनेक जातींत जोडीतला एक जण आधीच निघतो आणि दुसरा पिल्लं उडू लागली की निघतो.

म्हणून आपल्याकडे आधी मोठे पक्षी येतात, तेही विणीच्या पोशाखात. ऑगस्टमध्ये अक्षीला छोटा वाळू-चिखल्या पाहा. छातीवरचा विटकरी पट्टा अजून शिल्लक असतो, कडेने विरत चाललेला. ऑक्टोबरात तोच पक्षी मातकट आणि पांढरा होऊन जातो. सप्टेंबरपासून यंदाची पिल्लं येतात. त्यांची पाठ ताज्या खवल्यांसारखी दिसते, कारण प्रत्येक पिसाला फिकट किनार असते. ही पिल्लं पुष्कळदा आईबापांशिवाय, पहिल्यांदाच हा रस्ता उडून येतात. दिशा जन्मजात असते, आणि सूर्य, तारे व पृथ्वीचं चुंबकत्व यांच्या आधाराने ती सांभाळली जाते.

यावर विश्वास बसत नसेल तर २०२२ सालचं उदाहरण घ्या. पाठीवर उपग्रह-यंत्र लावलेलं पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर कापून टास्मानियाला पोहोचलं. वय जेमतेम पाच महिने. पाणटिवळ्याला समुद्रावर उतरून दम घेता येत नाही, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचा.

किनाऱ्यावर किती वाजता पोहोचायचं?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि लोक तोच विचारत नाहीत. पक्षी सहाला उठतात म्हणून आपणही सहाला जायचं, असं गृहीत धरतात. जंगलात ते बरोबर आहे. किनाऱ्यावर घड्याळ भरतीचं चालतं, दिवसाचं असो की रात्रीचं. पूर्ण ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पक्षी ठिपक्याएवढे दिसतात. पूर्ण भरतीला ते कोरड्या वाळूवर गोळा होऊन डुलक्या काढतात. बघण्याजोगा काळ भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास आणि पाणी ओसरू लागल्यावरचे दोन तास. तेव्हा खाणं चालू असतं आणि पक्षी जवळ असतात.

भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. दुसरी भरती बारा-साडेबारा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात हे गणित बेत आखायला पुरेसं आहे. निघण्याच्या आदल्या रात्री मोबाइलवर नक्की वेळ बघून घ्या.

आता यात उजेड मिळवा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, नारळ-सुरूच्या मागे असतो आणि पक्ष्यांवर सरळ उजेड पडतो. संध्याकाळी तोच सूर्य समुद्रावर, म्हणजे आपल्या डोळ्यांत. सूर्यास्ताच्या फोटोला छान, पण पायांचा रंग ओळखायला निरुपयोगी. म्हणजे भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास हवी. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा. दसरा आणि कोजागरीच्या मधले हे दिवस माझ्या मते वर्षातले सर्वोत्तम. पाणी उधाणाकडे चाललेलं असतं, त्यामुळे पक्षी किनाऱ्याच्या जवळ ढकलले जातात. अष्टमीच्या भांगाच्या भरतीत पाणी अर्ध्यातच थांबतं आणि पक्षीही लांबच राहतात.

वद्य द्वादशी-त्रयोदशीही तितकीच चांगली, शिवाय दसऱ्याची गर्दी नसते.

अक्षीच का? तिथे उभं कुठे राहायचं?

अक्षीचा किनारा सपाट, रुंद आणि घट्ट वाळूचा आहे. ओहोटीला उघडी पडणारी पट्टी मोठी, म्हणून तिथे खाणंही मोठं. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याने जवळच आहे. मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने जाता येतं, पण निघण्याआधी वेळा बघा. सुरूच्या बनातून बाहेर आलात की लगेच पाण्याकडे धावू नका. बनाच्या सावलीतच दहा मिनिटं थांबा, दुर्बिणीने पूर्ण किनारा डावीकडून उजवीकडे चाळा, थवे कुठे आहेत ते बघा आणि मग पाण्याला समांतर चाला. थेट थव्याच्या दिशेने चालणारा माणूस पक्ष्यांना शिकारी वाटतो. तिरका जाणारा त्यांना चालतो.

येताजाता गावात तो शिलालेखही बघून घ्या. मराठीतला सर्वांत जुना म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो शके ९३४ चा लेख अक्षीचाच. पक्ष्यांशी संबंध नाही, पण इतक्या जवळ आहे की चुकवू नये.

सगळे एकसारखे करडे दिसतात. ओळखायचे कसे?

रंग सोडून द्या. चाल, चोच, पाय, या क्रमाने बघा.

चिखले धावतात, थबकतात, टिपतात. डोळे मोठे, चोच आखूड, कारण ते नजरेने शोधतात. तुतवारांच्या गोतावळ्याची चोच लांब, आणि बरेच जण वाळूत ती खुपसून स्पर्शाने शोधतात, म्हणून चालताना थांबत नाहीत. हा एक फरक पक्का झाला की अर्धं काम झालं.

मग टिलवा, म्हणजे रेडशँक. पाय लालभडक, पण त्यांची वाट बघायची गरज नाही. तो उडाला की पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी दिसते, आणि ती दुसऱ्या कुणाला तशी नसते. हिरव्या पायांच्या टिलव्याला पट्टी नाही, पाठीवर पांढरं त्रिकोणी टोक आहे, आणि तो उडताना ‘त्यू-त्यू-त्यू’ असं मोठ्याने ओरडतो. तुतवार सतत शेपटी खालीवर करतो आणि पाण्यालगत ताठ पंखांनी फडफडत जातो. लाट मागे सरली की तिच्यामागे धावणारे आणि पुढे आली की पळून येणारे फिकट पक्षी दिसले तर ते सँडरलिंग. काळा-पांढरा, जाड केशरी चोचीचा, तिसऱ्या-शिंपल्या उघडून खाणारा दांडगा पक्षी म्हणजे ऑयस्टरकॅचर. त्याच्यासाठी लोक अक्षीला खास येतात. पहिल्या दिवशी एवढे ओळखलेत तरी पुष्कळ. कुरवांच्या नादाला पहिल्या वर्षी लागूच नका. चार वर्षांत पिसारा बदलत जाणाऱ्या मोठ्या कुरवांवर जाणकारही तासन्‌तास वाद घालतात.

ऑक्टोबरमध्ये उजनीला गेलो. रोहित नाहीत, पक्षीही फारसे नाहीत. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही, धरण भरलेलं होतं.

उजनी भीमेवर आहे आणि तिचं पाणी मुख्यतः वरच्या धरणांतून येतं. पुणे-मावळात जोरदार पाऊस झाला की दौंडचा विसर्ग वाढतो आणि उजनी भरते, मग सोलापूर जिल्ह्यात पाऊस असो वा नसो. ऑगस्ट-सप्टेंबरात धरण तुडुंब झालं की पाणी थेट उसाच्या बांधाला आणि वेड्या बाभळींच्या कमरेला लागतं. रोहित, शेकाटे, पाणटिवळे, तुतवार यांना हवा असतो गुडघाभर पाण्याचा उथळ, चिखलाचा काठ. तो तेव्हा खोल पाण्याखाली असतो. पुढे कालव्यांना आवर्तनं सुटतात, पाणी मागे हटतं, गाळ उघडा पडतो. त्यावर शेतकरी गाळपेर करतात आणि कडेला पक्षी उतरतात. रोहितांचा मोठा मेळा म्हणूनच बहुधा जानेवारीपासून पुढे, उजनी मायनसच्या दिशेने, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठ्याकडे जाऊ लागल्यावर दिसतो.

उलटही होतं. २०२३ च्या पावसाळ्यात धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं. माणसांसाठी वर्ष वाईट, पण अशा वर्षी शरदातच काठ उघडा राहतो आणि चिखलातले पक्षी लवकर जवळून बघायला मिळतात. सोलापूरच्या बातम्यांत रोज येणारी साठ्याची टक्केवारी बघा. शंभरच्या वर असेल तर बेत बदला, पण रद्द करू नका.

बदलायचा म्हणजे काय? भरलेल्या उजनीवर काय बघायचं?

पाणी सोडून काठ बघायचा. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला बांधांवरून आणि कच्च्या रस्त्यांवरून सकाळी गाडी हळू चालवा. तारांवर भिंगऱ्या शेकड्यांनी असतात. त्यांत एखादी वेगळी दिसते का ते शोधायचा नाद लागतो. ओल्या बांधावर पिवळे धोबी. पाण्यात बुडालेल्या बाभळींवर ऑस्प्रे बसलेला असतो, पायाखाली अर्धा खाल्लेला मासा, डोकं पांढरं आणि डोळ्यावरून काळा पट्टा. लव्हाळ्यावरून पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरून डुलत जाणारा तपकिरी पक्षी म्हणजे दलदली भोवत्या. मधल्या पाण्यात काळपट रांगा दिसल्या तर घाईने पाणकावळे म्हणू नका. त्यांत भुवई बदकं असू शकतात.

आणि उथळ पाणी हवंच असेल तर धरण सोडून गावतळी बघा. पाझर तलाव आणि भाताच्या खाचराएवढी डबकी शरदात धरणापेक्षा जास्त देऊन जातात.

नाशिककरांना हा त्रास कमी. गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे बंधारा गाळाने बराच भरलेला असल्यामुळे उथळ पाणथळ आणि गवताळ बेटं पावसाळ्यानंतरही मिळतात. निरीक्षण मनोरेही आहेत.

होडीत बसावं का?

बसा, पण वारा पडलेला असताना, सकाळी लवकर. लाइफ जॅकेट नसेल तर नको. मे २०२४ मध्ये वादळी वाऱ्यात याच जलाशयात प्रवासी बोट उलटून माणसं बुडाली. ते पाणी वरून दिसतं तेवढं साधं नाही. होडीवाले मूळचे मच्छीमार. पक्षी कुठे बसतात ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. ‘जवळ घ्या, अजून जवळ घ्या’ असं त्यांच्या मागे लागू नका. थवा उठवून दाखवला तर जास्त पैसे मिळतात हे त्यांना आपणच शिकवलं आहे. दर आधी ठरवा, आणि थवा न उठवता परत आणलं तर वर थोडे जास्त द्या.

फक्त शरदातच दिसतात असे कोणते पक्षी आहेत?

आहेत, आणि माझं खरं प्रेम त्यांच्यावर. हे इथे राहायला येत नाहीत. मध्य आशियातून आफ्रिकेकडे जाताना सप्टेंबर-ऑक्टोबरात काही दिवस टेकतात. युरोपियन नीलपंख, ठिपकेदार माशीमार, लाल पाठीचा खाटीक, निळ्या गालाचा वेडा राघू. वसंतात परतताना ते बहुतेक आणखी पश्चिमेच्या वाटेने जातात, म्हणून ही खिडकी चुकली की वर्षभर थांबा. पाण्याकाठी नाही, तर धरणाच्या वाटेवरच्या माळावर, बाभळी-बोरीच्या झुडपांत आणि तारांवर बघा. नीलपंख दिसला की छाती तपासा. आपल्या नेहमीच्या नीलपंखाची छाती विटकरी-जांभळट, रेघांची असते. युरोपियनचं डोकं आणि पोट एकसलग फिकट निळं. उडताना त्याची उड्डाणपिसं काळी दिसतात. आपल्याकडच्याच्या पंखांत निळ्याच्या दोन छटांचे पट्टे असतात.

आपला चातकही याच सुमारास परतीच्या वाटेला लागतो.

अमूर ससाणे महाराष्ट्रात दिसतात म्हणे?

दिसतात, नोव्हेंबरात, लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर. पण भरवसा नाही. ईशान्य आशियातून निघून ते नागालँड-मणिपूरमध्ये प्रचंड संख्येने थांबतात. नागालँडमधल्या दोयांग जलाशयावर जाळी लावून होणारी त्यांची शिकार २०१२ मध्ये उघडकीस आली आणि गावकऱ्यांनीच पुढच्या वर्षापासून ती थांबवली. २०१३ मध्ये तिथल्या तीन ससाण्यांना उपग्रह-यंत्रं लावली, तेव्हा त्यांचा मार्ग दिसला: भारत आडवा ओलांडून सरळ अरबी समुद्रावर, आणि तिथून न थांबता आफ्रिका. आपण वाटेत येतो, एवढंच.

ठाणे खाडीला आत्ता जाऊ का?

रोहितांसाठी नको, तुतवार-टिलव्यांसाठी जा. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहितांचं अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ. तरी रोहितांची मोठी गर्दी हिवाळ्यातच. ऐरोलीच्या केंद्रातून बोट सुटते, तिची वेळही भरतीवर ठरते. खाडीच्या गाळात उतरू नका. वरून घट्ट दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत जातो.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८ गुणिले ४२ ची. आठपट मोठं दाखवते आणि ४२ मिलिमीटरची भिंग भरपूर उजेड घेतात. दहापट किंवा बारापट घेण्याचा मोह होतो, पण हात हलला की चित्रही तेवढंच हलतं. किनाऱ्यावर टेलिस्कोपचा उपयोग मोठा, पण आधी कुणाच्या तरी टेलिस्कोपमधून बघा, मग खर्च करा.

फोटोसाठी किती जवळ जावं?

पक्षी खाणं थांबवून मान वर करून तुमच्याकडे बघू लागला की तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. तिथेच बसा. बसलेल्या माणसाकडे खात-खात येणारे चिखले मी अनेकदा पाहिले आहेत, चालत जाणाऱ्याकडे कधीच नाही. भरतीला विसावलेला थवा मुद्दाम उडवून फोटो काढणं हा प्रकार वाढला आहे आणि तो मला अजिबात मान्य नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला तो विसावा आणि ती चरबी पुढच्या प्रवासासाठी हवी असते.

कुत्रा नेला तर चालेल?

नको.

नोंद कुठे करायची?

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर. ठिकाण, वेळ, किती चाललात आणि *सगळे* पक्षी, कावळा-साळुंकीसकट. फक्त दुर्मीळ पक्ष्यांची यादी अभ्यासाला फारशी कामाची नसते. ऑक्टोबरात जगभर ‘ऑक्टोबर बिग डे’ असतो. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो: ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिन, १२ ला सालीम अलींचा. पायात कडं किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर रंग, कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, आणि वाचता आली तर अक्षरं टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. धूसर फोटोही चालतो.

किनाऱ्यावर थकलेला किंवा जखमी पक्षी सापडला तर?

आधी दुरून बघा. नुकताच उतरलेला दमलेला पक्षी तासभर विश्रांती घेऊन आपला उठून जातो, त्याला फक्त माणसं आणि कुत्री दूर हवी असतात. खरंच जखमी असेल, तर अंगावर हलका रुमाल टाकून उचला. लांब चोचीच्या समुद्री पक्ष्यापासून आपले डोळे सांभाळा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-ब्रेड तर मुळीच नको. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि पक्षी नेमका कुठे सापडला ते सांगा.